अर्धपोटी आहार आणि पेशींची स्मृती

मनुष्यास किती अन्न पुरेसे होते, हा वाद पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला नवा नाही. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. घोड व भीमा यांच्या काठची पट्टी आज धरणांच्या व कालव्यांच्या पाण्यामुळे उसाखाली आली आहे. पण काठापासून दूरच्या माळावर बाजरी अद्यापि पावसाच्याच भरवशावर उभी असते. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग पूर्वी ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असे, त्या भागाने १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पुरेपूर भोगला. दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर भागावे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी ठरविले. मुंबई इलाख्यात या धोरणाने मजुरी घटली तेव्हा कामकऱ्यांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारापुढे मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याच सुमारास या शिध्यास शास्त्रीय आक्षेप घेतला. धान्याचे वजन तर अपुरे आहेच, पण नुसत्या धान्यात डाळ, भाजी यांतून मिळणारी द्रव्ये नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

टेंपल आणि कॉर्निश यांच्या वादाचा विषय माणूस जगेल की मरेल एवढाच होता. आज त्या प्रश्नाला एक निराळे परिमाण आले आहे. अन्नाची उणीव भरून निघाल्यावर, एवढेच नव्हे तर ती ज्या देहाने सोसली त्या देहाच्या पोटी आलेल्या अपत्यांतही, तिची खूण पेशींमध्ये राहते काय? राहत असल्यास ती कशाच्या रूपाने राहते? आणि ‘उणीव’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा नेमके काय उणे असते? या तिसऱ्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि पुणे जिल्ह्यातील संशोधनाचे महत्त्व मुख्यतः याच प्रश्नाच्या संदर्भात आहे.

प्रथम थोडा शास्त्रीय पाया. आपल्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरी एक पेशी पित्त बनविते आणि दुसरी संवेदना वाहून नेते. कोणती जनुके वाचावयाची आणि कोणती मिटून ठेवावयाची, याच्या खुणा पेशीजवळ असतात. पोथीचा मजकूर तोच राहावा, पण कोणत्या पानावर दोरा बांधून ठेवला आहे यावरून पाठ बदलावा, तसाच हा प्रकार होय. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स किंवा अधिजनुकशास्त्र म्हणतात. हे नाव कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये योजिले, तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती. आजचा अर्थ त्याहून बराच संकुचित व रासायनिक आहे. डीएनएच्या साखळीतील सायटोसीन या घटकावर मेथिल गट चढणे ही एक खूण. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांवर ॲसिटिल, मेथिल इत्यादी गट बसणे ही दुसरी. पेशीचे विभाजन झाले तरी यांतील कित्येक खुणा पुढच्या पेशीत उतरतात. म्हणूनच त्यांना ‘स्मृती’ हा शब्द लावण्याचा मोह होतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत यांपैकी बहुतेक मेथिल-खुणा पुसल्या जातात व पुन्हा नव्याने लिहिल्या जातात. काही थोड्या जनुकांच्या खुणा, आईकडून आलेली प्रत कोणती व बापाकडून आलेली कोणती हे दर्शविणाऱ्या, या पुसण्यातून वाचतात. हे पुनर्लेखन चालू असते त्या वेळी आपणांस दिवस गेले आहेत, याची स्त्रीला स्वतःलाही वार्ता नसते. खुणा लिहिण्यासाठी लागणारे मेथिल गट मात्र तिच्याच रक्तातून यावयाचे असतात.

मनुष्यातील पहिला भक्कम पुरावा हॉलंडमधून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. शिधापत्रिकेवरचे अन्न दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली, आणि पुढे काही आठवडे त्याच्याही निम्म्यावर आले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि लोक पूर्ववत जेवू लागले. त्या हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली अशा ६० व्यक्तींचे रक्त साठ वर्षांनंतर तपासण्यात आले. हायमन्स, ल्यूमी व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकाजवळील मेथिलीकरण या व्यक्तींत त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींपेक्षा कमी असल्याचे दाखविले. दुष्काळ ज्यांच्या वाट्याला गर्भवासाच्या शेवटच्या महिन्यांत आला, त्यांच्यात हा फरक नव्हता. सख्ख्या भावंडाशी तुलना करण्याची युक्ती विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहून ठेवावी. घर, कुल, आईबाप, खाण्याच्या सवयी ही सारी तुलनेतून वगळली जातात आणि उरतो तो फक्त तो एक हिवाळा.

हा प्रयोग इतका नेटका आहे की त्यावरून भलतेच अनुमान काढण्याचा धोका असतो. डच उपासमारीला आरंभ व अंत होता. तिच्या आधी लोक नीट खात होते, नंतरही खाऊ लागले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे गावोगावी भेटतात; पण त्या दुष्काळाच्या आधीचे वर्ष भरपेट होते, असे त्यांतील किती जण म्हणतील? दख्खनच्या कोरडवाहू खेड्यात उणीव ही घटना नसते. ती सवयीची असते, पिढ्यान्‌पिढ्यांची असते, आणि पुष्कळदा पोट भरलेले असतानाही असते. तिचा अभ्यास डच पद्धतीने करता येत नाही. त्यासाठी निराळा मार्ग लागतो.

तो मार्ग पुण्यात शोधला गेला. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० नंतरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभारले होते. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका करावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. खेड्यापाड्यांशी असा संबंध जुळलेल्या याच रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास हाती घेतला. साउथॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर व कॅरोलिन फॉल यांचे सहकार्य त्यास होते. गर्भावस्थेतील पोषणाचा प्रौढपणीच्या हृद्रोगाशी व मधुमेहाशी संबंध असावा, हे बार्कर यांचे मत तोवर गाजले होते आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली होती; कारण त्यांचा आधार मुख्यतः जुन्या इंग्रजी जन्मनोंदींचा होता. आईने काय खाल्ले होते, हे त्या नोंदींत कोठून असणार?

पुण्याच्या संशोधकांनी उलट बाजूने आरंभ केला. गर्भ राहण्यापूर्वीच गावांतील विवाहित स्त्रियांची मोजमापे घेतली. मग क्षेत्रसेविका दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. पाळी चुकली की सोनोग्राफी, अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहाराची व कामाची तपशीलवार विचारपूस, रक्ताचे नमुने, आणि बाळंतपण झाल्यावर अर्भकाचे वजन, लांबी, डोके, पोट, दंड यांची मापे व त्वचेखालील चरबीची जाडी, असा सारा क्रम होता. अशा रीतीने १९९४ ते १९९६ या काळात सुमारे आठशे गर्भारपणांची नोंद झाली. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत आणि अभ्यास अजून त्यांच्याच मागोमाग चालला आहे.

या माता सरासरीने १५२ सेंटिमीटर उंच आणि गर्भारपणापूर्वी ४२ किलोग्रॅम वजनाच्या होत्या. त्यांच्या आहारातून अठराव्या आठवड्यात दिवसाला सुमारे १,७७० व अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे १,६७० उष्मांक मिळत; प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपास. त्यातच शेतातील खुरपणी, काढणी, पाणी भरणे ही कामे चालू. सुगीच्या दिवसांत खाणे वाढे, पण कामही त्याच वेळी सर्वांत जड असे. पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅमच्या जवळ भरले.

येथवर अनपेक्षित असे काही नाही. आश्चर्य पुढे आहे. आईच्या एकूण उष्मांकांचा व प्रथिनांचा अर्भकाच्या आकाराशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अर्धपोटी राहणे म्हणजे भाकरी कमी पडणे, असे आपण गृहीत धरतो. या सहा गावांत भाकरीच्या संख्येपेक्षा तिच्यासोबत ताटात काय पडते यावर अर्भकाची वाढ अधिक अवलंबून होती. कॉर्निश यांना हे वाचून समाधान वाटले असते.

दुसरे आश्चर्य अर्भकांच्या अंगलटीत होते. साउथॅम्प्टनच्या साडेतीन किलोच्या अर्भकांशी तुलना करता ही अर्भके सर्वच मापांत लहान होती. परंतु सर्व मापांत सारख्या प्रमाणात नव्हे. पोटाचा घेर, म्हणजे यकृतादी अवयव, आणि स्नायू पुष्कळच कमी. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाला ‘कृश-मेदस्वी भारतीय अर्भक’ असे नाव पडले. पुढे याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे व मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा देहभारांक तंतोतंत २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! शास्त्रीय नियतकालिकात विनोदाला इतकी सबळ आकडेवारी क्वचितच लाभते.

आता मूळ विषयाकडे वळू. या मातांच्या रक्तात काय उणे होते? सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेट मात्र जवळजवळ एकीतही कमी नव्हते. पालेभाजी व डाळ यांतून फोलेट मिळते, शिवाय गर्भवतींना वाटण्यात येणाऱ्या लोहाच्या गोळीत फोलिक आम्ल असतेच. ब१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस यांतून यावयाचे, आणि या घरांत दूध असले तरी ते डेअरीला जाई. हा केवळ गरिबीचा प्रश्न आहे असेही समजू नये. पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या एका तपासणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, ब१२ ची कमतरता सर्वांत अधिक आढळली ती शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के.

ब१२ आणि फोलेट यांचा अधिजनुकीय खुणांशी संबंध थेट आहे. डीएनएवर चढणारा मेथिल गट एस-ॲडेनोसिल-मेथिओनीन या रेणूकडून येतो. हा रेणू मेथिओनीनपासून तयार होतो, आणि वापरून झाल्यावर त्याचे होमोसिस्टीन उरते. होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनीन करावयाचे तर फोलेटने मेथिल गट आणून द्यावा लागतो व ब१२ ने तो हातोहात पोचवावा लागतो. ब१२ नसले तर फोलेट मेथिल गट घेऊन अडून बसते. ते भरपूर असूनही निरुपयोगी होते, आणि होमोसिस्टीन साचत जाते. या अवस्थेला जैवरसायनशास्त्रात ‘मेथिल-सापळा’ म्हणतात. म्हणजे पोटात अन्न आहे, रक्तात फोलेट आहे, आणि तरीही गर्भाच्या पेशीला खुणा लिहिण्यास शाई अपुरी पडत आहे, अशी स्थिती संभवते.

ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. २००८ मध्ये ‘डायाबेटॉलॉजिया’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या मातांत गर्भारपणी ब१२ कमी व फोलेट अधिक होते, त्या मुलांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. अठराव्या वर्षीचे चित्र अधिक गंभीर आहे. ६१९ तरुण-तरुणींपैकी मुलांत ३७ टक्के व मुलींत १८ टक्के यांच्या रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले. आणि यांपैकी जवळजवळ निम्म्या तरुणांचे वजन वैद्यकीय मापाने कमी होते. लठ्ठपणातून मधुमेह येतो ही शिकवण ज्यांनी परीक्षेसाठी पाठ केली आहे, त्यांनी या आकड्यांपाशी थोडे थांबावे. गर्भात वाढ कमी झालेल्यांत आणि बालपणापासूनच उपाशीपोटी रक्तशर्करा चढती असलेल्यांत ही विकृती अधिक होती.

परंतु येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. आईच्या आहारात उणीव आणि मुलाच्या चयापचयात दोष, या दोहोंमधील दुवा अधिजनुकीय खूण हाच आहे, हे वरील निरीक्षणांनी सिद्ध होत नाही. ते एक सयुक्तिक अनुमान आहे. मूलही त्याच घरात, त्याच ताटात वाढलेले असते. ब१२ ची उणीव त्याच्याही वाट्याला आलेली असते. अनुमानाचे रूपांतर प्रमाणात करावयाचे तर एकतर पेशीतील खूण प्रत्यक्ष मोजली पाहिजे, किंवा आहार बदलून ती बदलते काय हे पाहिले पाहिजे.

प्राण्यांत हे दोन्ही करता येते. पुणे व सिडनी येथील संशोधकांनी, आनंदवर्धन हर्डीकर यांच्या पुढाकाराने, विस्टार जातीच्या उंदरांच्या एका वंशावर केलेले काम २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये आले. हा वंश पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आला होता. त्या उंदरांचे जन्मवजन कमी, पोटातील चरबी अधिक, इन्सुलिनला प्रतिरोध, रक्तात ब१२ व फोलेट कमी, होमोसिस्टीन चढते, असे जणू आपल्या सहा गावांचेच चित्र उमटले. मधुमेह घडविणाऱ्या रसायनाला ते सामान्य उंदरांच्या आठपट बळी पडत. नंतरच्या दोन पिढ्यांना हवे तेवढे सकस खाद्य दिले. दोष गेले नाहीत. आणि इन्सुलिन-२ जनुकाच्या आरंभस्थानी असलेल्या बदललेल्या खुणाही मूळपदावर आल्या नाहीत.

हा प्रयोग प्रभावी आहे, तरी त्याचा हवाला देताना तारतम्य हवे. पन्नास पिढ्यांच्या काळात अर्धपोटी टिकणाऱ्या उंदरांची निवड आपोआप होत जाण्याचा संभव असतो. मग पुढे दिसणारा भेद खुणांचा किती आणि जनुकांचाच किती, हे सांगणे अवघड होते. शिवाय मनुष्याच्या पन्नास पिढ्या म्हणजे यादवांच्याही पलीकडचा काळ. ‘दुष्काळ आपल्या रक्तात हजार वर्षे राहतो’ अशी वाक्ये अलीकडे व्याख्यानांतून ऐकू येतात, त्यांना या निबंधाचा आधार नाही.

माणसांत आहार बदलून पाहण्याचा मोठा प्रयत्न मुंबईत झाला, आणि तो पुण्याच्याच निष्कर्षातून निघाला. पालेभाजी, फळे, दूध यांनी अर्भक वाढते ना, मग तीच देऊन पाहू, असा सरळ विचार त्यामागे होता. ‘सरस’ या प्रकल्पात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजार स्त्रियांना २००६ ते २०१२ या काळात, गर्भ राहण्यापूर्वीपासून बाळंतपणापर्यंत, रोज एक खाद्य देण्यात आले. एका गटाच्या खाद्यात या तीन वस्तू, दुसऱ्याच्या खाद्यात सूक्ष्मपोषके कमी असलेल्या भाज्या. एकंदर जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाद्य मिळालेल्या स्त्रियांत अर्भके सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि हा लाभ अगदी कृश मातांपेक्षा बऱ्या अंगाच्या मातांना अधिक झाला. गर्भारपणीचा मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला.

याच स्त्रियांची ६९८ मुले पाच ते सात वर्षांची झाल्यावर त्यांच्या रक्तातील मेथिल-खुणा तपासल्या गेल्या. त्याबरोबरच आफ्रिकेतील गॅम्बिया देशातल्या २९३ मुलांच्याही, ज्यांच्या मातांना सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. २०२० च्या निबंधात गॅम्बियातील मुलांत सहा ठिकाणी स्पष्ट फरक नोंदविले आहेत, तेही अडीच ते पाच टक्क्यांचे. मुंबईच्या मुलांत फरक एक टक्क्याहून कमी व ठामपणे काही म्हणता येऊ नये असे. हा नकारात्मक निष्कर्ष लपवून ठेवण्याजोगा नाही. आमच्या मते त्याने दोन गोष्टी सुचविल्या. रक्तातील पेशींवर जी खूण दिसत नाही ती स्वादुपिंडात किंवा मेदात नसेलच, असे नाही. आणि ब१२ च्या बाबतीत उणीव खोल असेल, तर थोडे दूध असलेला एक खाऊ मेथिल-सापळा उघडण्यास पुरेसा नसावा.

गॅम्बियाची आणखी एक गोष्ट शिरूरच्या माळावरील वाचकाला ओळखीची वाटेल. तेथे पावसाळा हा उपासमारीचा हंगाम असतो: कोठारे रिकामी, काम जड, बायकांचे वजन उतरलेले. तरीही पावसाळ्यात गर्भधारणा झालेल्या मुलांत काही विशिष्ट ठिकाणचे मेथिलीकरण कोरड्या हंगामातील मुलांपेक्षा अधिक आढळते. याचे कारण मातांच्या रक्तातील मेथिल पुरविणाऱ्या द्रव्यांतील फरकात, आणि त्यातही पावसाळ्यात अधिक खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यात, शोधले गेले आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कणगी तळाला गेलेली असते, तेव्हाच बाजरीच्या शेतात कुर्डू, तांदुळजा, घोळ या भाज्या माजतात. उष्मांक कमी आणि मेथिल-दाते अधिक, असा हंगाम असू शकतो, हे ‘कमी खाणे’ हा एकच शब्द वापरल्याने दिसेनासे होते.

प्रौढाने स्वेच्छेने आहार घटविणे हा तर त्याहून वेगळा विषय आहे. दोहोंची गल्लत होते म्हणून तेवढाच उल्लेख करतो. अमेरिकेत २२० निरोगी प्रौढांवर दोन वर्षे चाललेल्या कॅलरी या प्रयोगात आहार प्रत्यक्षात सुमारे १२ टक्के घटला. २०२३ मध्ये त्यांच्या रक्तातील मेथिल-खुणांवरून काढलेला वार्धक्याचा वेग दोन-तीन टक्के मंदावल्याचे आढळले, परंतु वय मोजण्याच्या इतर मेथिल-मापकांत फरक नव्हता. उतारवयात आहार घटविलेल्या उंदरांना त्याचा लाभ फारसा होत नाही, कारण त्यांच्या मेदपेशी पूर्वीच्या मुक्त आहाराची स्मृती धरून बसतात, असे २०१९ मधील एका जर्मन अभ्यासाने दाखविले. भरल्या घरातील मिताहार आणि ४२ किलो वजनाच्या खुरपणाऱ्या गर्भवतीचा आहार, हे एकाच तक्त्यात बसविण्याजोगे नाहीत.

पुण्याच्या अभ्यासाने पुढचे पाऊल २०१२ मध्ये टाकले. १९९४-९६ मधील गर्भ आता किशोरवयात आले होते. त्या मुलामुलींना, म्हणजे भावी मातांना आणि पित्यांनाही, रोज केवळ दोन मायक्रोग्रॅम ब१२, किंवा ब१२ सह इतर सूक्ष्मपोषके, किंवा यांपैकी काहीच नसलेली गोळी देण्यात आली. मुलींना ती पहिल्या बाळंतपणापर्यंत. या ‘प्रिया’ प्रयोगातील मातांची मुले दोन वर्षांच्या पुढे गेल्यावर तपासली, तेव्हा केवळ ब१२ मिळालेल्या मातांच्या मुलांची आकलनाची व भाषेची वाढ निष्क्रिय गोळीच्या गटापेक्षा सरस होती. तपासलेल्या मुलांची संख्या शंभरीच्या आतली आहे, आणि ब१२ सह इतर पोषके मिळालेल्या गटात हा लाभ दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तरीही या मांडणीचे मोल निराळे आहे. आजी, आई आणि मूल अशा तीन पिढ्यांतील पहिलीचा गर्भारपणीचा आहार लिहून ठेवलेला, दुसरीची मापे जन्मापासून घेतलेली, आणि तिसरीच्या गर्भधारणेपूर्वी एकच द्रव्य हेतुपूर्वक बदललेले, अशी सामग्री जगात फार थोड्या ठिकाणी आहे. खूण खरोखर वारशाने उतरते की प्रत्येक पिढीच्या ताटात तीच उणीव नव्याने वाढली जाते, हे दोन पर्याय वेगळे काढावयाचे असतील तर ते अशाच सामग्रीतून निघतील. त्यातच सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ येथील कारखान्यांनी या दोन तालुक्यांतील कामाचे व खाण्याचे स्वरूप एका पिढीत पालटले आहे. खुरपणीऐवजी पाळीचे काम, आणि भाकरीच्या जोडीला वडापाव. ज्या देहांची घडण उणिवेच्या हिशेबाने झाली, त्यांना आता बसून खाण्याचे दिवस आले आहेत. या बदलाचा परिणाम मोजताना मेथिल-खुणा वाचणारी यंत्रे आपण विकत आणू शकू. पण गर्भधारणा नेमकी कोणत्या आठवड्यात झाली हे ठाऊक नसेल, तर त्या यंत्रांचे वाचन कशाशी ताडून पाहावयाचे? पुण्याच्या अभ्यासात ते ठाऊक आहे; कारण दर महिन्याला कोणी एक सेविका दारात बसून एक तारीख वहीत लिहीत होती.